मैदानावरचा प्राध्यापक : एमॉस अलोंझो स्टॅग

एमॉस अलोंझो स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, वेस्ट ऑरेंज येथे झाला. देशात तेव्हा यादवी युद्ध पेटले होते. वडील जोडे शिवून पोट भरत. आठ भावंडांच्या त्या घरात शाळेपुढचे शिक्षण ही चैनच होती. मिळेल ती मोलमजुरी करून स्टॅग यांनी शाळा पुरी केली आणि महाविद्यालयाच्या प्रवेशाची तयारी करण्यासाठी न्यू हॅम्पशायरमधील फिलिप्स एक्झेटर अकादमी गाठली. तिथे राहायला माळ्यावरची थंड खोली होती आणि खाणे बेताचे. काटकसर इतकी कडक होती की तब्येतीवर त्याचा परिणाम झाला. मात्र दोन गोष्टींचे वेड कायम राहिले. एक बेसबॉलचे आणि दुसरे धर्मोपदेशक होण्याचे.

१८८४ मध्ये ते येल विद्यापीठात दाखल झाले. चेंडूफेकीत त्यांचा हात असा बसला की येलच्या बेसबॉल संघाचा सारा भार त्यांच्यावर आला. व्यावसायिक संघांकडून बोलावणी येऊ लागली. न्यूयॉर्क जायंट्स संघाने देऊ केलेली रक्कम त्या काळच्या साध्या नोकरदाराला वर्षानुवर्षे मिळाली नसती. जोडे शिवणाऱ्याच्या मुलाने ती नाकारली. खेळावर पैसा कमावू नये, ही त्यांची धारणा तेव्हापासूनची. पुढे आयुष्यभर त्यांनी ती सोडली नाही, आणि त्यांच्या यशापयशाचा बराचसा हिशेब तिच्याशीच जोडलेला आहे.

येलमधील फुटबॉल

अमेरिकेतील फुटबॉल रग्बीपासून निघाला. चेंडू लंबगोल असतो, तो हातात घेऊन पळायचे आणि प्रतिपक्षाच्या हद्दीतील रेषेपार न्यायचा. अडवणाऱ्याने पळणाऱ्याला धरून खाली पाडायचे, जवळजवळ कबड्डीतल्या पकडीसारखे. या धसमुसळ्या खेळाला घडी बसवली ती येलच्याच वॉल्टर कॅम्प यांनी. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असावेत आणि चेंडू एका वेळी एकाच संघाकडे असावा, हे नियम त्यांच्या पुढाकाराने १८८० मध्ये झाले. दोन वर्षांनी आणखी एक नियम आला. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकता आले नाही तर चेंडू प्रतिपक्षाला द्यावा लागे. पुढच्या प्रयत्नात काय करायचे हे आधी ठरवणे त्यामुळे गरजेचे झाले. खेळात डावपेच आले आणि डावपेच शिकवणाऱ्या माणसाची जागा तयार झाली.

१८८८ च्या हंगामात कॅम्प यांच्या मार्गदर्शनाखाली येलने तेरा सामने खेळले, तेराही जिंकले. एकूण गुण ६९८, प्रतिस्पर्ध्यांचे शून्य. स्टॅग या संघात रांगेच्या टोकाच्या जागेवर खेळत. उंची कमी, अंगकाठी मध्यम, पण पाय चपळ आणि अंदाज अचूक. १८८९ मध्ये देशातील उत्तम अकरा खेळाडूंची पहिली ‘ऑल अमेरिका’ यादी जाहीर झाली, तीत त्यांचे नाव होते. पकडीचा सराव माणसांवर करताना दुखापती होत, म्हणून व्यायामशाळेतली गादी गुंडाळून टांगायची आणि तिच्यावर झेपावायचे, ही युक्तीही येलमधल्या त्याच दिवसांतली सांगितली जाते. तिचेच सुधारलेले रूप आजही सरावाच्या मैदानांवर दिसते.

पदवीनंतर ते येलमध्येच धर्मशास्त्र शिकू लागले. पण व्यासपीठावर उभे राहिले की त्यांची वाणी अडखळे. उपदेशकाला वक्तृत्व हवे आणि ते आपल्यापाशी नाही, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच काढला आणि १८९० मध्ये तो अभ्यासक्रम सोडला. तरुणांच्या चारित्र्याची जी घडण चर्चमध्ये करायची होती ती मैदानावर करता येईल, हा विचार त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी राहिला.

स्प्रिंगफील्डची दोन वर्षे

त्या विचाराला पोषक जागा मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे होती. वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या तिथल्या प्रशिक्षण विद्यालयात ल्यूथर गुलिक शारीरिक शिक्षणाचा विभाग चालवत. शरीर, मन आणि आत्मा यांची वाढ एकत्र झाली पाहिजे, असे ते मानत. स्टॅग तिथे शिकले आणि शिकवूही लागले. मूठभर विद्यार्थ्यांतून त्यांनी फुटबॉलचा संघ उभा केला. त्या संघात रांगेच्या मधोमध खेळणारा कॅनडाचा तरुण म्हणजे जेम्स नेस्मिथ.

१८९१ च्या डिसेंबरमध्ये नेस्मिथ यांनी थंडीत घरात खेळता येईल असा बास्केटबॉल हा नवा खेळ शोधला. ११ मार्च १८९२ रोजी शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा त्याचा पहिला जाहीर सामना झाला. सुमारे दोनशे प्रेक्षक होते. विद्यार्थी ५–१ ने जिंकले आणि शिक्षकांचा तो एकमेव गुण स्टॅग यांनी मिळवला. फुटबॉलची सवय असल्याने ते त्या खेळातही अंगाला अंग भिडवूनच खेळले, असे तेव्हाच्या वर्णनांत आहे.

शिकागोचे बोलावणे

येलमध्ये स्टॅग ज्यांच्याकडे बायबलचा अभ्यास करत ते विल्यम रेनी हार्पर सेमिटिक भाषांचे नामांकित प्राध्यापक होते. तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांच्या पैशावर शिकागोत एक नवे विद्यापीठ उभे राहत होते आणि त्याचे पहिले अध्यक्ष म्हणून हार्पर यांची निवड झाली होती. पन्नास-शंभर वर्षांत जे उभे राहते ते त्यांना दहा वर्षांत उभे करायचे होते. त्यांनी मोठमोठे विद्वान गोळा केले आणि त्याच यादीत आपला जुना विद्यार्थीही धरला.

या नेमणुकीची हकीकत स्टॅग पुढे आवडीने सांगत. हार्पर यांनी आपली योजना मांडली आणि वर्षाला पंधराशे डॉलर देऊ केले. स्टॅग कल्पनेनेच भारावले होते, ते काही बोलले नाहीत. हार्पर यांनी दोन हजार म्हटले. तरीही उत्तर नाही. मग त्यांनी अडीच हजार डॉलर आणि कायमस्वरूपी सहयोगी प्राध्यापकाचे पद देऊ केले. पैशापेक्षा या पदाचे मोल मोठे होते. त्या काळी फुटबॉलचा प्रशिक्षक म्हणजे हंगामापुरता परत येणारा एखादा माजी खेळाडू असे, आणि त्याचा खर्च विद्यार्थी किंवा माजी विद्यार्थी भागवत. विद्यापीठाने स्वतः विभाग काढून, प्राध्यापकाच्या दर्जाने, आयुष्यभरासाठी प्रशिक्षक नेमण्याचा हा अमेरिकेतील पहिला प्रसंग मानला जातो.

१ ऑक्टोबर १८९२ रोजी विद्यापीठ उघडले आणि स्टॅग यांनी लगेच सराव सुरू केला. खेळाडू इतके कमी होते की पहिल्या हंगामात तीस वर्षांचे हे विभागप्रमुख स्वतःच संघातून खेळले. आवाराला लागूनच मिडवे हा लांबलचक पट्टा होता. १८९३ चे जागतिक प्रदर्शन याच परिसरात भरले. त्याच्याच निमित्ताने शिकागोत झालेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. प्रदर्शनातला प्रचंड फिरता पाळणा विद्यापीठाच्या शेजारीच फिरत होता. व्यापारी मार्शल फील्ड यांनी दिलेल्या जमिनीवर खेळाचे मैदान तयार झाले. पुढे, १९१३ च्या सुमारास, त्याला ‘स्टॅग फील्ड’ असे नाव पडले.

१८९३ मध्ये स्टॅग आणि हेन्री विल्यम्स यांनी मिळून फुटबॉलवर एक शास्त्रीय ग्रंथ लिहिला. प्रत्येक चालीत कोणी कुठे उभे राहायचे आणि कुठल्या दिशेने धावायचे, हे आकृत्या काढून समजावणारे ते या खेळावरचे पहिले पुस्तक समजले जाते. येलमध्ये तोंडी चालत आलेली विद्या त्यामुळे कुठल्याही गावातल्या शाळेपर्यंत पोहोचली. विल्यम्स पुढे मिनेसोटा विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले आणि शिकागोचे तगडे प्रतिस्पर्धी ठरले.

१८९४ मध्ये स्टॅग यांचा विवाह याच विद्यापीठातील विद्यार्थिनी स्टेला रॉबर्टसन यांच्याशी झाला. स्टेला या त्यांच्या कामात पुऱ्या भागीदार होत्या. सामन्यातील प्रत्येक चाल त्या कागदावर टिपून ठेवत, प्रतिस्पर्धी संघांचे सामने पाहून येत आणि त्यांच्या खोडी नवऱ्याला सांगत. हा सहवास सत्तर वर्षे टिकला.

खेळाचा पसारा

नव्या विद्यापीठाचे नाव गाजायला हवे होते आणि फुटबॉल ते गाजवू शकतो, हे हार्पर यांनी ओळखले होते. १८९४ च्या अखेरीस स्टॅग आपला संघ आगगाडीने थेट कॅलिफोर्नियाला घेऊन गेले. नाताळच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत शिकागोने स्टॅनफर्डला २४–४ असे हरवले. त्या हंगामात स्टॅनफर्डचे प्रशिक्षक होते खुद्द वॉल्टर कॅम्प. देशाच्या एका भागातील महाविद्यालयाने दुसऱ्या टोकाला जाऊन सामना खेळणे तेव्हा अपूर्व होते. १८९६ मध्ये शिकागो आणि मिशिगन यांचा सामना शिकागोच्या कोलिझियम या बंदिस्त इमारतीत झाला. दिवस कलला तेव्हा विजेचे दिवे लावण्यात आले. शिकागोने ७–६ अशी बाजी मारली.

त्याच वर्षी मध्यपश्चिमेतील सात विद्यापीठांनी एकत्र येऊन परिषद स्थापन केली. शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू आणि विस्कॉन्सिन ही ती विद्यापीठे. खेळांवर अध्यापकांचे नियंत्रण राहावे आणि खेळाडू खराखुरा विद्यार्थी असावा, हा तिचा हेतू होता. ‘बिग टेन’ या नावाने ही परिषद आजही प्रसिद्ध आहे. तिचे फुटबॉलचे विजेतेपद स्टॅग यांच्या संघांनी सात वेळा मिळवले : १८९९, १९०५, १९०७, १९०८, १९१३, १९२२ आणि १९२४.

सरावात स्टॅग शिस्तीचे कडक होते. दारू-तंबाखूला त्यांच्यापाशी थारा नव्हता आणि शिवीगाळ त्यांनी कधी केली नाही. फारच संतापले तर ते खेळाडूला ‘गाढव’ म्हणत. चूक मोठी असेल तर ‘दुहेरी गाढव’. हर्बर्ट क्रिस्लर नावाचा एक पोरगा सरावात वारंवार गोंधळ घालत असे. स्टॅग यांनी त्याला सांगितले की आजपासून तुझे नाव फ्रिट्झ. फ्रिट्झ क्राइसलर हे त्या काळचे थोर व्हायोलिनवादक होते. तू त्यांच्यासारखा मुळीच नाहीस म्हणून हे नाव, असे कारणही दिले. क्रिस्लरने हे नाव आयुष्यभर मिरवले आणि पुढे तो अमेरिकेतील अव्वल प्रशिक्षकांपैकी एक झाला.

१९०५ : विजय आणि संकट

१९०५ हे वर्ष स्टॅग यांच्या कारकिर्दीचे शिखर, आणि फुटबॉलच्या अस्तित्वालाच धोका निर्माण झाला तोही याच वर्षी. खेळाडू एकमेकांना बिलगून घट्ट जथ्थ्याने प्रतिपक्षावर तुटून पडत. शिरस्त्राण सक्तीचे नव्हते. त्या एका हंगामात देशभरात किमान १८ खेळाडू दगावले. ९ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले आणि खेळातील क्रौर्य आवरण्यास सांगितले.

त्याच हंगामात ३० नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंग या सणाच्या दिवशी, शिकागोच्या मैदानावर मिशिगनचा संघ उतरला. फील्डिंग योस्ट यांचा हा संघ १९०१ पासून ५६ सामन्यांत एकदाही हरला नव्हता. त्यातला एक तेवढा बरोबरीत सुटला होता. सुमारे २७ हजार प्रेक्षकांसमोर दोन्ही बाजू एकमेकींना रेटत राहिल्या, पण गुण कोणालाच मिळेना. शेवटच्या टप्प्यात शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलने लांब किक मारली. मिशिगनच्या डेनी क्लार्कने तो चेंडू स्वतःच्या गोलरेषेमागे पकडला. तिथेच थांबला असता तर काही बिघडले नसते. तो धावत बाहेर आला. शिकागोच्या खेळाडूंनी त्याला गाठले आणि मार्क कॅटलिनच्या धडकेने तो पुन्हा रेषेमागे लोटला गेला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे याचे दोन गुण शिकागोला मिळाले. सामना २–० असा संपला. मिशिगनची पाच वर्षांची घोडदौड थांबली, आणि ती एक धाव क्लार्कच्या नावाला कायमची चिकटली.

शिकागोत जल्लोष झाला, पण त्याच नोव्हेंबरात ‘कॉलियर्स’ या साप्ताहिकात एडवर्ड जॉर्डन यांची लेखमाला सुरू झाली होती. विद्यापीठे विजय कसे विकत घेतात, हा तिचा विषय. शाळेतला अभ्यास अपुरा असलेल्या खेळाडूंना प्रवेश मिळतो, त्यांच्यासाठी सोपे विषय आणि सोयीच्या नोकऱ्या शोधल्या जातात, हे तीत दाखवले होते, आणि शिकागोचेही नाव त्यात होते. एकरसॉल हे ठळक उदाहरण होते. शाळेत असतानाच त्याच्यावर विद्यापीठांची चढाओढ चालली होती. खेळण्याची मुदत संपल्यावर तो पदवी न घेताच बाहेर पडला. खेळासाठी पैसा घेणे पाप मानणाऱ्या स्टॅग यांच्या विभागात हे घडले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. स्वतः पैशाला न शिवणारा माणूस संघ जिंकावा म्हणून सवलती मिळवत होता आणि अध्यक्ष हार्पर त्याला पाठीशी घालत होते. हार्पर १९०६ च्या जानेवारीत वारले.

नियमांची दुरुस्ती आणि स्टॅग यांचे शोध

१९०५ च्या डिसेंबरअखेर ६२ महाविद्यालयांचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये जमले. त्यातून जी संघटना निघाली तिला १९१० मध्ये ‘एनसीएए’ हे आजचे नाव मिळाले. नियमही बदलले. तीन प्रयत्नांत आता पाचऐवजी दहा यार्ड पुढे जाणे आवश्यक झाले. दोन्ही रांगांच्या मध्ये मोकळी जागा ठेवायची होती. सर्वांत मोठा बदल म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकण्याची, म्हणजे ‘फॉरवर्ड पास’ची, परवानगी मिळाली. स्टॅग १९०४ पासून नियम समितीवर होते. पूर्वेकडील जुन्या विद्यापीठांच्या त्या वर्तुळात ते पश्चिमेचा आवाज होते.

पासवर सुरुवातीला अटी होत्या. चेंडू कोणाच्याही हाताला न लागता जमिनीवर पडला तर तो सरळ प्रतिपक्षाला मिळे. म्हणून अनेक प्रशिक्षकांनी पासकडे पाठ फिरवली. स्टॅग यांनी मात्र पहिल्याच वर्षी त्यावर कितीतरी चाली रचल्या. १९०७ आणि १९०८ ची विजेतेपदे वॉली स्टेफनसारख्या चपळ खेळाडूंच्या जोरावर मिळाली.

खेळाडू रांगेमागून आडवा पळत असतानाच चेंडू सुरू करणे, एका बाजूला धाव दाखवून चेंडू उलट दिशेला नेणे, अंगरख्यावर क्रमांक घालणे, बेसबॉलच्या सरावासाठी जाळीचा पिंजरा अशा अनेक गोष्टी त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. चाल ठरवण्यासाठी खेळाडूंनी घोळका करून उभे राहणे, म्हणजे ‘हडल’, याचे श्रेयही त्यांना दिले जाते. मात्र १८९० च्या दशकात गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातील खेळाडूही प्रतिपक्षाला हातांच्या खुणा दिसू नयेत म्हणून असेच उभे राहत. कोणती युक्ती पहिल्यांदा कोणाला सुचली हे सांगणे अवघड असले, तरी त्या सगळ्या पडताळून, लिहून आणि शिकवून खेळाचा भाग बनवणारा माणूस स्टॅग होते यात वाद नाही.

ही विद्या शिष्यांमार्फत पसरली. त्यांच्या हाताखाली खेळलेला जेसी हार्पर नोत्र दामचा प्रशिक्षक झाला. त्याच्या संघाने १ नोव्हेंबर १९१३ रोजी लांब पासांच्या बळावर लष्करी अकादमीला ३५–१३ असे हरवून देशाला चकित केले. त्या संघातला न्यूट रॉकनी पुढे अमेरिकेचा सर्वांत लाडका प्रशिक्षक ठरला. फुटबॉलमधले सारे काही स्टॅगपासून आले, अशी कबुली तो उघडपणे देई.

स्टॅग यांचा विभाग फुटबॉलपुरता नव्हता. धावण्या-उड्यांचे खेळ, बेसबॉल आणि साऱ्या विद्यार्थ्यांचा व्यायाम त्यांच्याकडे होता. १९०२ पासून त्यांनी शाळकरी मुलांच्या मैदानी स्पर्धा विद्यापीठात भरवल्या. १९३३ मध्ये याच स्पर्धांत क्लीव्हलँडच्या जेसी ओवेन्सने १०० यार्ड ९.४ सेकंदांत पार केले. तीन वर्षांनी बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्याने चार सुवर्णपदके जिंकली.

उतरती कळा

१९२० च्या दशकात महाविद्यालयीन फुटबॉल देशाचा मोठा तमाशा बनला. २८ ऑक्टोबर १९२२ रोजी शिकागोत झालेल्या प्रिन्स्टनविरुद्धच्या सामन्याचे वर्णन टेलिफोनच्या तारेने न्यूयॉर्कला पोहोचवून तिथल्या रेडिओवरून ऐकवण्यात आले. शेवटच्या भागात १८–७ अशी आघाडी असताना शिकागो तो सामना २१–१८ ने हरला. दोन वर्षांनी इलिनॉयचा विजेसारखा धावणारा रेड ग्रेंज शिकागोत आला. स्टॅग यांची योजना साधी होती : चेंडू आपल्याकडेच राहिला तर ग्रेंज धावणार कसा? ऑस्टिन मॅकार्टीने पाच-पाच यार्ड रेटत चेंडू पुढे नेला आणि शिकागोने आघाडी घेतली. मग ग्रेंजने एकहाती ती भरून काढली. सामना २१–२१ असा बरोबरीत सुटला. शिकागोने त्या वर्षी परिषदेचे विजेतेपद मिळवले. ते स्टॅग यांचे शेवटचे.

व्यावसायिक फुटबॉललाही याच काळात पाय फुटले. १९२३ मध्ये स्टॅग यांनी जाहीर पत्र काढून महाविद्यालयांना त्याच्या धोक्याचा इशारा दिला. १९२५ मध्ये महाविद्यालयातला शेवटचा सामना संपताच ग्रेंज शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघात गेला आणि हजारो लोक त्याला पाहायला लोटले. दुसरीकडे राज्य सरकारांची मोठी विद्यापीठे हजारोंनी विद्यार्थी घेत होती. शिकागो विद्यापीठ मात्र संशोधनाकडे झुकत गेले. खेळाडूंना सोयीचे अभ्यासक्रम तिथे नव्हते. संघ हरू लागला.

१९२९ मध्ये तीस वर्षांचे रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष झाले. विद्यापीठ हे विचारासाठी असते आणि प्रेक्षकांसाठी खेळ भरवणे हे त्याचे काम नव्हे, असे त्यांचे मत होते. सत्तराव्या वर्षी निवृत्तीचा नियम स्टॅग यांना लागू करण्यात आला. सल्लागाराचे पद देऊ केले गेले, पण मैदान नसलेले काम स्टॅग यांना नको होते. १९३२ च्या हंगामाबरोबर त्यांची शिकागोतील ४१ वर्षांची कारकीर्द संपली. त्यांची जागा क्लार्क शॉनेसी यांनी घेतली. त्यांच्या हाताखाली जे बरवँगर या शिकागोच्या खेळाडूने १९३५ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूच्या आजच्या हाइझमन करंडकाचा पहिला मान मिळवला, पण संघाची घसरण थांबली नाही. २१ ऑक्टोबर १९३९ रोजी मिशिगनने शिकागोला ८५–० असे हरवले. मिशिगनचे प्रशिक्षक होते फ्रिट्झ क्रिस्लर. डिसेंबरात शिकागो विद्यापीठाने फुटबॉल बंद केला.

सत्तरीनंतरची दुसरी कारकीर्द

स्टॅग सत्तराव्या वर्षी कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे कॉलेज ऑफ द पॅसिफिक या छोट्या महाविद्यालयात रुजू झाले. १९३८ मध्ये ते आपला नवा संघ घेऊन शिकागोला आले आणि स्टॅग फील्डवर शिकागोला ३२–० असे हरवून गेले. १९४३ मध्ये युद्धामुळे नौदलाचे प्रशिक्षणार्थी महाविद्यालयात होते. त्यांना घेऊन स्टॅग यांनी कॅलिफोर्निया आणि यूसीएलए या बलाढ्य विद्यापीठांना हरवले. नऊपैकी सात सामने जिंकले. अमेरिकेच्या प्रशिक्षक संघटनेने त्यांना त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रशिक्षक निवडले. वय होते ८१.

याच काळात स्टॅग फील्डचे नाव वेगळ्याच कारणाने इतिहासात गेले. ओस पडलेल्या पश्चिमेच्या प्रेक्षागाराखाली रॅकेटच्या खेळासाठी बांधलेल्या दालनात एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइट आणि युरेनियमची रास रचली. २ डिसेंबर १९४२ रोजी तिथे मानवनिर्मित, नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया पहिल्यांदा घडली. १९५७ मध्ये ते प्रेक्षागार पाडण्यात आले. त्या जागी आज हेन्री मूर यांचे शिल्प आणि विद्यापीठाचे ग्रंथालय आहे.

१९४६ मध्ये पॅसिफिकनेही वयाचे कारण देत त्यांना निरोप दिला. ८४ व्या वर्षी ते पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहॅना विद्यापीठात गेले. तिथे त्यांचा मुलगा, धाकटा एमॉस अलोंझो स्टॅग, प्रशिक्षक होता. बापलेकांनी १९५२ पर्यंत संघ सांभाळला आणि १९५१ चा हंगाम एकही पराभव न होता पार केला. स्टेलांची प्रकृती ढासळल्याने ते स्टॉक्टनला परतले आणि तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात नव्वदी ओलांडल्यावरही मुलांना किक मारायला शिकवत राहिले. १९६४ मध्ये स्टेला गेल्या. १७ मार्च १९६५ रोजी, १०२ व्या वर्षी, स्टॉक्टन येथेच स्टॅग यांचे निधन झाले.

मूल्यमापन

महाविद्यालयीन फुटबॉलमधील ३१४ विजय त्यांच्या नावावर नोंदले आहेत. १९८१ मध्ये अलाबामाचे बेअर ब्रायंट यांनी तो आकडा मागे टाकला. १९५१ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी त्यांना स्थान मिळाले. १९५९ मध्ये बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’च्या पहिल्याच तुकडीत ते होते.

आकड्यांपेक्षा त्यांचे मोठे काम म्हणजे प्रशिक्षकाला शिक्षकाचा दर्जा मिळवून देणे. १८९२ पूर्वी जे काम हंगामी आणि हौशी होते त्याला त्यांनी विद्यापीठात विभाग, पुस्तके, शिष्यपरंपरा आणि प्रतिष्ठा दिली. त्याच कामातून गर्दी, पैसा आणि विजयाचा हव्यास असलेला एक प्रचंड व्यवहार वाढला. त्याला बांध घालणे त्यांना जमले नाही, आणि स्वतःच्या विभागातही ते नेहमी त्याच्यापासून अलिप्त राहिले नाहीत. तरी व्यवसायाच्या मोहापुढे ते स्वतः कधी झुकले नाहीत.

शिकागो विद्यापीठात फुटबॉल १९६९ मध्ये परतला. आज ते एनसीएएच्या तिसऱ्या विभागात खेळते. या विभागात खेळाच्या नावाने शिष्यवृत्ती दिली जात नाही आणि खेळाडू आधी विद्यार्थी असतो. १९७३ पासून या विभागाच्या राष्ट्रीय अंतिम सामन्याला ‘स्टॅग बाउल’ असे नाव आहे.